सुरतेच्या गाडीतला माणूस कोणत्या रकान्यात?

धरणगाव तालुक्यातून पोटासाठी सुरतेला गेलेली माणसे किती, असा साधा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर आज कोणत्याही सरकारी कचेरीत मिळत नाही. तहसील कचेरी पंचायत समितीकडे बोट दाखवील, पंचायत समिती जिल्ह्याकडे आणि जिल्हा दिल्लीकडे. गावाला मात्र या उत्तराचा अंदाज असतो. आखाजीला गल्ल्या भरतात, झोके बांधले जातात, आणि आठ-दहा दिवसांत जळगावहून सुरतेकडे जाणारी गाडी ही माणसे पुन्हा उचलून नेते. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि कुलपे लावलेली घरे. पुढाऱ्यांनाही हा अंदाज असतो. निवडणूक आली की उधना-लिंबायतच्या वस्त्यांत खानदेशातील पुढाऱ्यांच्या सभा होतात. नवसारी मतदारसंघातून २००९ पासून लोकसभेवर निवडून गेलेले चंद्रकांत रघुनाथ पाटील हे मूळचे जळगाव जिल्ह्यातलेच. ज्या माणसांची मते इतक्या काळजीने मोजली जातात, त्यांचे श्रम, त्यांची घरे आणि त्यांच्या मुलांच्या शाळा मोजणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

हा प्रश्न आज उपस्थित करण्याचे कारण असे की, २०२१ ची जनगणना महामारीच्या निमित्ताने लांबली ती लांबतच गेली, आणि अखेर १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ ही नव्या जनगणनेची संदर्भतिथी ठरली. ही गणना कागदावर नव्हे तर मोबाईलवर होणार, आकडे लवकर हाती येणार आणि ते संगणकावर सर्वांना पाहता येणार, असे सांगितले जाते. स्वागतच आहे. परंतु कपाटाचे दार काचेचे केले म्हणून आतला रिकामा खण भरत नाही. खण भरायचा की नाही हे प्रश्नपत्रिका ठरवते, आणि प्रश्नपत्रिका कोणाच्या जीवनाकडे पाहून तयार होते हा राजकीय प्रश्न आहे.

तक्ते काय सांगतात

आज काय मिळते ते आधी पाहू. जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावर २०११ चे तक्ते विनामूल्य उतरवून घेता येतात. महाराष्ट्राचा संकेतांक २७, जळगाव जिल्ह्याचा ४९९. स्थलांतराचे तक्ते 'डी' मालिकेत आहेत. माणसाचे जन्मस्थान कोणते, यापूर्वीचे राहण्याचे ठिकाण कोणते, येथे येऊन किती वर्षे झाली आणि येण्याचे कारण काय, हे त्यांत सापडते. हे प्रश्न एका दिवसात आलेले नाहीत. पूर्वी केवळ जन्मस्थान विचारीत. मागील निवासस्थानाचा प्रश्न १९७१ मध्ये आला आणि स्थलांतराचे कारण १९८१ मध्ये विचारले जाऊ लागले. म्हणजे प्रश्नपत्रिका बदलता येते. ती वेदवाक्य नव्हे.

कामाच्या ठिकाणी रोज जाण्यायेण्याची माहिती 'बी' मालिकेतील अठ्ठाविसाव्या तक्त्यात आहे. किती किलोमीटर आणि कशाने, असे दोनच प्रश्न. पायी, सायकलने, मोटारसायकलने, टेम्पो-रिक्षाने, बसने की रेल्वेने, याचे रकाने पाडलेले आहेत. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई कारखान्यांत आणि डाळ मिलांत धरणगाव, पाळधी परिसरातून रोज माणसे जातात. त्यांच्या प्रवासाची काही खूण या तक्त्यात आहे, आणि एसटीची फेरी मागणाऱ्या कार्यकर्त्याने ती जरूर वापरावी.

परंतु ज्या कार्यकर्त्याने हे तक्ते उघडून पाहिले, त्याला दोन गोष्टी चटकन जाणवतील. पहिली म्हणजे, मथळे, टिपा आणि संकेतांक इंग्रजीच्या चौकटीत बसवलेले आहेत. ज्यांच्याकडून उत्तरे मराठीत आणि अहिराणीत घेतली त्यांना ती परत मात्र परक्या भाषेत मिळतात. दुसरी म्हणजे, आकडे फार उशिरा येतात. २०११ च्या फेब्रुवारीत घेतलेल्या उत्तरांवरून स्थलांतराचे तपशीलवार तक्ते पूर्णपणे लोकांसमोर यायला २०१९ साल उजाडले. आठ वर्षांत पोर शाळेत जाऊन चौथी पास होते.

चार भोके

या दोन्ही गोष्टी दुरुस्त होण्याजोग्या आहेत. खरे दुखणे त्याहून खोल आहे.

पहिले भोक गंतव्याचे. सुरत जिल्ह्याचा तक्ता उघडला तर तेथे आलेल्यांचे पूर्वीचे राज्य 'महाराष्ट्र' असे मिळते. हा माणूस धरणगावचा, दोंडाईच्याचा की कोकणातला, ते तेथे कळत नाही. जळगावचा तक्ता उघडला तर येथे आलेल्यांची माहिती मिळते. येथून गेलेल्यांची नव्हे. रोजच्या प्रवासाच्या तक्त्यातही अंतर आहे, पण गावाचे नाव नाही. तीस किलोमीटर जाणारा माणूस जळगावला जातो की अमळनेरला, हे न कळता बसची फेरी कोणत्या रस्त्याला मागावी?

दुसरे भोक शेतमजुराचे. रोजच्या प्रवासाचा प्रश्न २०११ मध्ये फक्त 'इतर कामगार' या वर्गाला विचारला गेला. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातील कामगार यांना तो विचारलाच नाही. देशात त्या वेळी सुमारे ४८ कोटी कामकरी माणसे नोंदली गेली. त्यांपैकी 'इतर' होते सुमारे २० कोटी. सुमारे साडेचौदा कोटी शेतमजूर या हिशेबाबाहेर राहिले. शेतमजुराचे शेत त्याच्या झोपडीच्या दारातच असते, अशी कोणाची कल्पना असावी. खानदेशातील कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे उभे राहावे. केळी कापायला, कपाशी वेचायला, कांदा काढायला बायामाणसे मालवाहू टेम्पोत, छोट्या रिक्षांत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने उभी राहून दहा-वीस कोस जातात. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. पपईच्या ढिगावर बसून परतणारे पंधरा मजूर मेले. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. बहुतेक रावेर तालुक्यातले. यांपैकी ज्यांची नोंद प्रगणकाने 'शेतमजूर' अशी केली असती, त्यांना कामाच्या अंतराचा प्रश्न विचारलाच गेला नसता. आपल्या राज्याच्या दृष्टीने हा प्रवास झालेलाच नाही.

तिसरे भोक हंगामाचे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीडइतके नसले तरी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतूनही कोयते बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे फेब्रुवारीत कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत असते. नियमाप्रमाणे त्याची गणना तेथे व्हायला हवी. व्यवहारात प्रगणक कोपीपर्यंत पोहोचला तर. नाहीतर गावातल्या म्हातारीने 'पोरगा येईलच आता' म्हणून सांगितलेले नाव घरच्या यादीत चढते, किंवा कोठेच चढत नाही. जो दर वर्षी सहा महिने जातो आणि सहा महिने येतो, त्याचे 'मागील निवासस्थान' कोणते? ज्या प्रश्नाला माणूस एकदाच, कायमचा हलतो असे वाटते, त्या प्रश्नाच्या जाळ्यातून वर्षानुवर्षे ये-जा करणारा माणूस निसटणारच.

चौथे भोक स्त्रीचे. २०११ मध्ये देशात सुमारे ४५ कोटी माणसे स्थलांतरित म्हणून नोंदली गेली. कारणांत सर्वांत मोठा रकाना विवाहाचा. काम-धंद्यासाठी आलेले जेमतेम एकदशांश. हे वाचून कोणी म्हणेल, आपल्या देशात लोक लग्नासाठीच गाव सोडतात. धरणगावची मुलगी लग्न होऊन उधन्याला गेली, तिथल्या खोलीत बसून नगावर साड्यांना टिकल्या लावू लागली, घरभाड्यातला वाटा तिच्या बोटांनी फेडला. तक्त्यात तिचे कारण 'विवाह'. नवऱ्याबरोबर फडावर गेलेल्या बाईचे कारण 'कुटुंबासोबत'. मुकादम मात्र तिला अर्धा कोयता म्हणून मोजतो. जे मुकादमाच्या वहीत आहे ते राज्याच्या वहीत नाही, ही कोणत्याही लोकशाहीला शोभणारी गोष्ट नव्हे.

दुसरीकडे काय झाले

हे सारे अपरिहार्य आहे काय? इंग्लंडमध्ये जनगणनेतून 'कोठून कोठे' असे तक्ते तयार होतात. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत राहायला किती गेले, आणि रोज कामाला किती जातात, हे त्यांत कळते. लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी ते पाहण्यासाठी 'विकिड' नावाचे साधन संगणकावर उभे केले. सरकारी आकड्यांचे 'नोमिस' नावाचे दालन सामान्य नागरिकालाही खुले आहे. निघण्याचे ठिकाण निवडावे, पोहोचण्याचे निवडावे आणि मधला आकडा वाचावा, इतके ते सोपे. अमेरिकेतही घर आणि कामाचे ठिकाण जोडणारे नकाशे जनगणना खात्यानेच लोकांसमोर मांडले आहेत.

तेथेही सर्व आलबेल नाही. काही बारीक तक्ते पुष्कळ काळ नोंदणीकृत संशोधकांपुरतेच राहिले. शिवाय इंग्लंड-वेल्सची गेली जनगणना २१ मार्च २०२१ ला, टाळेबंदीच्या काळात झाली. लाखो माणसे त्या दिवशी घरी बसली होती, त्यामुळे कामावर जाण्याचे आकडे नेहमीचे राहिले नाहीत. परंतु तेथील सांख्यिकी खात्याने ही उणीव स्वतः लिहून जाहीर केली. आपल्याकडे फेब्रुवारीत फडावर असलेल्या माणसांविषयी अशी टीप कोणी लिहिली? आकड्यात उणीव असणे हा गुन्हा नाही. ती उणीव गरिबाच्याच वाट्याला यावी आणि तिच्याविषयी बोलूही नये, हा अन्याय आहे.

आपल्याकडे बुद्धी नाही असेही नाही. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांचे आकडे घेऊन अंदाज बांधला आणि राज्याराज्यांत दर वर्षी सुमारे ९० लाख माणसे कामासाठी ये-जा करतात असे सांगितले. जनगणनेवरून जे दिसत होते त्याच्या पुष्कळच वर हा आकडा होता. उधना-जळगाव या सुमारे तीनशे किलोमीटरच्या मार्गाचे दुहेरीकरण सरकारने केले, ते काही डोळे मिटून नव्हे. मालाचा आणि माणसांचा हिशेब केल्याशिवाय कोणी रूळ टाकीत नाही. भांडवलाला हवा तेव्हा हिशेब होतो.

आकड्यांचे राजकारण आपले आहे

आपल्या चळवळीतील काही मित्र म्हणतील, आकड्यांनी पोट भरत नाही. मोर्चा काढावा, तक्ते चाळीत बसू नये. त्यांना १९६३ सालची आठवण द्यावीशी वाटते. लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले आणि म्हणाले की, या देशातील २७ कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात. सरकार म्हणत होते पंधरा आणे. त्या वादाने नियोजनाच्या श्रीमंती भाषेला प्रथमच भाकरीचा हिशेब द्यावा लागला. लोहियांच्या हाती संगणक नव्हता. सरकारचेच आकडे होते आणि ते वाचण्याची समाजवादी दृष्टी होती. आज संगणक खिशात आहे. दृष्टी आपण कोठे ठेवून आलो?

आकडा नसला म्हणजे काय होते हेही आपण पाहिले आहे. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते माणसांनी भरले, तेव्हा कोणत्या राज्यात कोठली किती माणसे आहेत हे कोणत्याही सरकारला ठाऊक नव्हते. जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशचे मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ त्यांच्यातील सोळा जण मालगाडीखाली सापडले. ज्या भुसावळकडे ते निघाले होते ते आपल्याच जिल्ह्यातले. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्रीय श्रममंत्रालयाने संसदेत सांगितले की, टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती उपलब्ध नाही. माहिती नाही, म्हणून भरपाईचा प्रश्नही नाही. मोजणी टाळणे ही जबाबदारी टाळण्याची पहिली पायरी असते.

कायद्यातही हेच चालले आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात पाच मजूर असले की ठेकेदाराला नोंदणी बंधनकारक होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत ही मर्यादा दहावर नेली. सहा-सात जणांची टोळी घेऊन जाणारा मुकादम त्यामुळे नोंदीच्या बाहेर गेला. एकीकडे रकाने कमी करावयाचे आणि दुसरीकडे डिजिटल भारताचा गजर करावयाचा, ही विसंगती कार्यकर्त्यांनी लोकांपुढे मांडली पाहिजे.

एक रास्त शंका

कोणी विचारील, सरकारच्या हाती आणखी माहिती द्यावी काय? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. १८२५ मध्ये जेम्स औट्रमच्या भिल्ल पलटणीचे ठाणे धरणगावातच होते. फिरत्या माणसाकडे संशयाने पाहणारे राज्य येथील मातीने अनुभवले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना नावनिशीवार यादीत घालून रोज हजेरीला उभे केले, आणि त्यांच्या मानगुटीवरचे ते जोखड १९५२ साली उतरले. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीविषयी २०१९-२० मध्ये जी भीती उसळली ती याच जातीची होती.

म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कोण गेला, हे सरकारने धुंडाळू नये. किती गेले, हे लोकांपासून लपवू नये. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची नोंद गुप्त ठेवली आहे, आणि ती तशीच राहिली पाहिजे. लहान गावाच्या तक्त्यात दोन-तीन माणसांचा आकडा दिसला तर ती ओळखू येतील, म्हणून असे आकडे झाकण्याची किंवा पूर्णांकात देण्याची पद्धत जगभर आहे. ती येथेही वापरावी. स्थलांतराचा आकडा परप्रांतीयांविरुद्ध दंडुका म्हणून वापरणाऱ्यांना एवढेच सांगावे की, मुंबईत जो 'बाहेरचा' म्हणून हिणवला जातो, त्याच्याच जागी सुरतेत आपला खानदेशी भाऊ उभा आहे. कापूस पिकवणाऱ्या मुलखातला हा माणूस तेथे कृत्रिम धाग्याचे कापड विणतो. त्याला उपरा म्हटलेले आपल्याला चालेल काय?

मागणी आणि काम

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. कामाच्या ठिकाणापर्यंतच्या प्रवासाचा प्रश्न शेतमजुरालाही विचारला जावा. गेल्या वर्षभरात कामासाठी कुटुंबातील कोण, किती महिने आणि कोणत्या जिल्ह्यात गेले होते, हा एक प्रश्न घातला जावा. तो लग्न होऊन आलेल्या स्त्रीलाही विचारावा. साखर कारखान्यांच्या फडांवर, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांच्या जागी प्रगणकांची खास पथके जावीत. 'कोठून कोठे' हे तक्ते राज्याच्या सीमा ओलांडून, निदान तालुक्यापर्यंत तयार व्हावेत, दोन वर्षांच्या आत प्रसिद्ध व्हावेत, आणि मराठीत पाहता यावेत. प्रश्नपत्रिका बदलण्याची वेळ टळली असे सांगितले गेले, तर जनगणनेला जोडून नमुना पाहणी करावी. मार्ग नाही असे नाही.

परंतु मागणीचे निवेदन तहसीलदाराच्या टेबलावर ठेवून घरी जाणे हे आपले काम नव्हे. प्रत्येक शाखेत निदान एका तरुण सहकाऱ्याने २०११ चे जळगाव, धुळे आणि सुरत जिल्ह्यांचे तक्ते उतरवून घ्यावेत, त्यांचा मराठीत अर्थ लावावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. येत्या आखाजीला गावी आलेल्या माणसांशी पारावर बसून बोलावे. कोठे राहता, काय काम करता, रेशन तेथे मिळते का, मुलांची शाळा कोणत्या महिन्यात सुटते, हे विचारावे. नावे लिहू नयेत, आकडे लिहावेत. पुढे सरकारी तक्ता येईल तेव्हा तो या वहीशी ताडून पाहता येईल, आणि तफावत सापडली की तीच आपल्या लढ्याचे पहिले पान असेल.

ज्याची गणना नाही त्याला वाटाही नाही, असा या व्यवस्थेचा नियम आहे. तो बदलेपर्यंत सुरतेच्या गाडीत उभ्याने जाणाऱ्या, फडावर वाकलेल्या आणि पपईच्या ढिगावर बसून घरी परतणाऱ्या आपल्या माणसांसाठी तक्त्यात एक रकाना मागणे, हेही समाजवादाचेच काम आहे.